झीज

जुन्या व्हिडिओ गेमचे कंट्रोलर दुरुस्त करणाऱ्या दादाने समोर उभ्या बाईचा कंट्रोलर उघडला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. उन्हाळ्यात त्यानेच तिला अंगठ्याने फिरवायच्या दोन्ही स्टिक नव्या बसवून दिल्या होत्या. आता डावी स्टिक पार लुळी पडली होती, वरचं रबर गुळगुळीत झालं होतं आणि आत झिजलेल्या प्लास्टिकची पांढरी भुकटी साचली होती.

"ताई, यावर कोण खेळतं?"

"कुणीच नाही. माझ्या लहानपणीचा गेम आहे. भाची दिवाळीच्या सुट्टीला येणार म्हणून तुमच्याकडून नीट करून घेतला आणि कपाटात ठेवून दिला. आज सकाळी ती आली, हौसेने खेळायला बसलो, तर स्टिक ही अशी."

"कपाटात ठेवलेली स्टिक झिजत नाही, ताई. यावर कुणीतरी रोज तासन्‌तास खेळलंय. घरात आणखी कोण असतं?"

"मी एकटीच असते हो. दिवसभर कामावर, आणि घराला कुलूप." बोलता बोलता ती पर्समध्ये फोन शोधू लागली. "भाचीला आत्ता घरी एकटीला ठेवून आलेय मी."

तिने घाईघाईने घरी फोन लावला. पलीकडून भाची हसतच बोलली.



"मावशी, झाला का गं कंट्रोलर नीट? आम्ही दोघं कधीपासून वाट बघतोय."