ऑक्टोबरचं टेबल

भोपळे मधोमध मांडायचे की कडेला, हे एल्डनला काही केल्या आठवेना. शेहेचाळीस वर्षं हा माणूस याच टेबलावर जेवला. दर ऑक्टोबरात, सुगीच्या दिवसांत, मेविस, म्हणजे त्याची बायको, ते हौसेने सजवायची, आणि हा येऊन बसायचा तो थेट बटाटे पुढे सरकव म्हणायचा. आता खोक्यातून एकेक वस्तू निघत होती आणि त्याला घाम फुटत होता. मुठीएवढे भोपळे, गव्हाच्या ओंब्यांची जुडी, रंगीत कणसं, तांबड्या मेणबत्त्या. मेपलची पानं त्याने सकाळीच अंगणातून वेचून, पुसून आणली होती. हो, पुसून. अख्ख्या विस्कॉन्सिन राज्यात पानं पुसणारा हा एकटाच असेल.

शेवटी त्याने सगळं टेबलभर सारखं पसरलं आणि मेविसची चाकांची खुर्ची ढकलत टेबलाच्या टोकाशी आणली, तिच्या नेहमीच्या जागी.

तिला पक्षाघात झाला त्याला सात आठवडे झाले होते. आज दुपारी ती पुनर्वसन केंद्रातून घरी आली, आणि गाडीत तासभर त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. तो अमेरिकन पद्धतीने तिच्या डाव्या हाताला बसून गाडी चालवत होता आणि ती आपली उजवीकडच्या खिडकीतून मक्याची शेतं बघत होती. रागावली असणार, असं त्याच्या मनाने घेतलं. तिला तीन आठवड्यांपूर्वीच घरी यायचं होतं. डॉक्टरांचं ऐकून, कागदावर सही करून तिला तिथेच ठेवणारा हाच. तेव्हापासून ते त्याच्या मनाला खात होतं.

निघताना तिथल्या थेरपिस्ट बाईंनी खूप काही समजावलं होतं. डावी बाजू हिच्या लक्षात येणार नाही, असंही म्हणाल्या होत्या. डावा हात लुळा पडलाय हे त्याला दिसतच होतं, त्यात नवीन ते काय, म्हणून त्याने नुसती मान डोलावली होती.

मेविसने टेबल निरखलं. एल्डन तिच्या उजवीकडे उभा होता, परीक्षेला बसल्यासारखा.

"मेणबत्त्या आणल्याच नाहीस का?"

मेणबत्त्या टेबलाच्या डाव्या अंगाला होत्या, तिच्यापासून हातभर अंतरावर. त्याने बोट दाखवलं. चेष्टा पुरे, असं ती म्हणाली. त्याने एक मेणबत्ती उचलून अलीकडे ठेवली, तेव्हा कुठे तिचा चेहरा खुलला. मग कणसांची चौकशी झाली, मग ओंब्यांची. तो एकेक वस्तू उजवीकडे आणत गेला आणि ती खूश होत गेली. अर्ध्या तासात उजवं अर्धं टेबल बाजाराच्या हातगाडीसारखं भरलं. डावीकडे नुसतं पांढरं कापड उरलं.

एल्डनला काही उमगेना. नजर म्हणावी तर शाबूत होती. पुसूनही पानावर राहिलेली अळी तिनेच तर दाखवली. ही काय मासिकात पाहिलेली नवी तऱ्हा? का मुद्दाम? कारण त्याची खुर्ची डावीकडची. म्हणजे शिक्षा त्याला. पण मग बोलत होती ती इतकी लाडाने, जशी काही दुपारी गप्प बसलेली बाई वेगळीच.

लेकीने करून ठेवलेलं सूप त्याने गरम केलं, दोन वाडगे आणले आणि मुकाट्याने आपल्या जागी, तिच्या डावीकडे बसला. मेविस पुन्हा गप्प. दोन चमचे घेतले तिने, मग उजवीकडच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत हाक मारली.

"एल्डन, सूप निवतंय. ये ना."

"अगं, इथंच आहे मी."

तिने मान वळवली ती आणखी उजवीकडे. भोपळ्यांवरून, ओंब्यांवरून, दारापर्यंत नजर फिरवली. "कुठे?" तिने घाबरून विचारलं. त्याने हात हलवला. तिच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर हलवला. ती दाराकडेच बघत राहिली.

बाईंनी सांगितलं होतं ते हे: डोळे शाबूत असूनही डावीकडचं काहीच तिच्या ध्यानात येत नव्हतं. रागबिग काही नव्हता. तिच्या लेखी तो तिथे नव्हताच.

तो उठला, वाडगा घेऊन तिच्या खुर्चीमागून वळसा घालून पलीकडे गेला. दोन भोपळे सारून वाडग्यापुरती जागा केली आणि कणसांत कोपर रुतवून बसला. मेविसने चमचा टाकून त्याची बाही धरली.

"न सांगता उठून जात जाऊ नकोस रे."

"नाही जाणार," तो म्हणाला.

तिने बाही सोडली नाही. पानं, मेणबत्त्या, भोपळे आणि त्यांच्यात कोंबून बसलेला नवरा, सगळ्यांवरून तिने समाधानाने नजर फिरवली.

"बघ, आता कसं सगळं टेबल भरलं."

एल्डनने पलीकडच्या कोऱ्या कापडाकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "गच्च भरलं."