गच्चीपर्यंत

मंदाताई पहिल्या पायरीवर बसल्या, गच्चीकडे पाठ करून. हर्षिता त्यांच्या मागे वरच्या पायरीवर उभी राहिली, सासूच्या काखेखालून दोन्ही हात घातले आणि त्यांच्या छातीसमोर आपलीच मनगटं घट्ट धरली.

"डावा पाय रोवा. मी 'हं' म्हटलं की रेटा द्यायचा. बाकी काम माझं."

"आणि उजवा?"

"उजव्याला सुट्टी."

लकवा झाल्यापासून उजव्याला सुट्टीच होती.

फोन जिन्याच्या कोनाड्यात उभा करून ठेवला होता. पडद्यावर समरजीत होता, शहरात, थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, बनियनवर. नोकरीमुळे तो तिथे राहायचा आणि शनिवारी गावी यायचा. "आई, फालतू जिद्द करते आहेस. पावसाळ्यापुरतं इकडे ये. सिंध नदीचा भरोसा नाही. पुराचा भोंगा वाजला की हर्षिता शाळेतून धावत येईल, ते ठीक आहे. पण एकटी तुला वर कशी नेणार?"

"तेच तर दाखवतेय," हर्षिता म्हणाली.

"दाखव. गच्चीपर्यंत नेलंस तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर रविवारी गाडी घेऊन येतो."

"तुझ्या खिडकीतून दिसतं काय रे?" मंदाताई म्हणाल्या. "समोरच्याचा कूलर. चार महिने कूलर बघत बसू?"

"हं," हर्षिता म्हणाली. मंदाताईंनी पाय रेटला, हर्षिताने ओढलं, आणि त्या एक पायरी वर जाऊन बसल्या.

गेल्या आठवड्यात हर्षिताने त्यांना पाठीवर घेऊन पाहिलं होतं. जिन्याच्या सुरुवातीलाच दोघी भिंतीला टेकून खाली घसरल्या होत्या. त्यानंतर शाळेत, मुलं गणितं सोडवत असताना, तिच्या लक्षात आलं की सगळं वजन सगळ्या उंचीपर्यंत पेलायची गरजच नाही. एका वेळी एकच पायरी. मधल्या वेळात वजन जिना धरतो.

"घोड्यावरून या गावात शिरलेलं घराणं," मंदाताई धापा टाकत म्हणाल्या, "आणि त्या घरची सून चढते कशी, तर ढुंगणावर. तुझे सासरे वरून बघत असतील."

"पाणी घराणं विचारत नाही. हं."

जिना वळतो तिथे पायऱ्या एका बाजूला निमुळत्या होत्या. मंदाताईंचा पदर त्यांच्याच खाली अडकला. हर्षिताने तो सोडवला, पुन्हा हात घातले, ओढलं. काही हललं नाही. पुन्हा ओढलं. तरी नाही.

"बस करा दोघी," कोनाड्यातून आवाज आला. तिथून त्याला आता फक्त आईचे पाय दिसत होते. "रविवारी येतो मी."

"बंद कर गं तो फोन."

"नको. त्याला ऐकू दे."

थोडा वेळ दोघी तशाच बसून राहिल्या, एकीच्या गुडघ्यांत दुसरीची पाठ. खालच्या खोलीत पंखा फिरत होता.

"हर्षिता."

"काय?"

"खरंच पाणी आलं, आणि आपण इथेच अडकलो..." मंदाताईंनी समोरच्या भिंतीकडे बघत सांगितलं, "तर मला सोडायचं आणि तू वर जायचं. हे आत्ता ठरवून ठेवू. त्या वेळी बोलायला जमणार नाही."

हर्षिता कुशीवर थोडी वळली, टाच रुंद बाजूला टेकवली.

"ऐकलंस का मी काय म्हणाले?"

"हं," हर्षिता म्हणाली.

मंदाताईंचा डावा पाय सवयीने रेटला गेला. त्या वर आल्या. वळण मागे पडलं.

"लबाड आहेस," त्या म्हणाल्या.

त्यानंतर फक्त 'हं', आणि पायरी.

गच्चीवर हर्षिताने सकाळीच सतरंजी टाकली होती. त्यावर मंदाताईंना ठेंगण्या कठड्याला टेकवून बसवलं आणि ती फोन आणायला खाली गेली. परत आली तेव्हा त्या मान उंच करून बघत होत्या. नांगरून ठेवलेली शेतं, त्यापलीकडे बाभळी, आणि बाभळींच्या मागे सिंध, उन्हाळ्याची, पांढऱ्या वाळूतून जाणारी बारीक रेघ. गेल्या पुरात त्या इथे स्वतःच्या पायांनी चढल्या होत्या.

"बघितलंस?" त्यांनी फोन तोंडाजवळ धरला. "गाडी घरीच ठेव आता."

"बरं," समरजीत म्हणाला. "पण रोज सराव करा."

"रोज तुझी बायको मरेल," मंदाताई म्हणाल्या आणि हसल्या. दोघीही हसल्या. हर्षिताला श्वास पुरेना, ती पोट धरून कठड्यावर वाकली.

"बाईसाब!"

आवाज खालून आला. गल्लीच्या पलीकडे म्हाताऱ्या रामश्रीचं घर होतं, एका खोलीचं, जिना नसलेलं, वर कौलांचं खपरेल, इतकं बुटकं की तिची शेळी वळचणीला उगवलेलं गवत ओढून खायची. मुलगा-सून दिल्लीला बांधकामावर. दारातल्या खाटेवर बसून रामश्री डोळ्यांवर हात धरून गच्चीकडे बघत होती. मंदाताईंना तिने दोन वर्षांत तिथे पाहिलं नव्हतं.

"बाईसाब, तुम ऊपर?" तिने विचारलं. "पानी आ रओ है का?"

हर्षिताने नाही म्हणायला तोंड उघडलं, पण धाप लागलेली, आवाज फुटला नाही. मंदाताईंचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं.

रामश्रीने एकदा नदीच्या बाजूला पाहिलं. मग खाली वाकून चपला उचलल्या, मांडीवर ठेवल्या आणि दोन्ही पाय खाटेवर घेऊन बसली.