चाळीस पाइंट बिअर

पहिली बाटली फुटली तेव्हा ब्रेंडा बटाटे सोलत होती. हातातली सुरी टाकून ती टेबलाखाली शिरली. दुसरी फुटली तसा तिचा नवरा क्लिफही तिच्या शेजारी येऊन आडवा झाला. खिडकीतून आता वीट येणार म्हणून दोघं फरशीवर अंग चोरून पडून राहिले. फेब्रुवारीत अशा तीन विटा आल्या होत्या.

पण काचा शाबूत होत्या. जिन्याखालच्या कपाटाच्या फटीतून पिवळसर फेस वाहत होता.

"अगं, माझी बिअर!" क्लिफ म्हणाला आणि हसत सुटला. "पुरती आंबायच्या आतच बुचं ठोकली मी. कागदावर लिहिलं होतं, घाई करू नका म्हणून."

ब्रेंडाला हसू आलं नाही. टेबलाखालून निघून ती आधी खिडकीबाहेर बघून आली.

पंचवीस वर्षं क्लिफनं खाणकामगारांच्या क्लबातच बिअर प्यायली होती. ती घरी करायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. मग इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या सगळ्या कोळसा खाणींसारखा त्यांच्या खाणीतही संप झाला. अकरा महिने क्लिफ कामावर जाणाऱ्यांना अडवायला फाटकावर सगळ्यांबरोबर उभा राहिला, आणि एका सकाळी, संप मोडणाऱ्यांना दगडांपासून वाचवायला खिडक्यांना जाळ्या ठोकलेल्या बसमध्ये बसून कामावर गेला. तीन आठवड्यांनी संपच मिटला. सगळेच कामावर परतले, पण फितूर ठरला तो क्लिफ. तो का गेला, हे त्याच्याखेरीज आणि ब्रेंडाखेरीज गावात कुणाला माहीत नव्हतं.

क्लबात त्याला कुणी अडवलं नाही. तो बसला की बाक रिकामा व्हायचा, एवढंच. चौथ्या शनिवारी तो अर्धा ग्लास तसाच ठेवून घरी आला. पुढच्या आठवड्यात, घरी बिअर करायचं सामानही विकणाऱ्या औषधांच्या दुकानातून त्यानं एक खोका आणला. आत माल्टच्या पाकाचा डबा, यीस्टची पुडी आणि सूचनांचा कागद. खोक्यावर लिहिलं होतं, चाळीस पाइंट, म्हणजे तेवीसेक लिटर.

"चाळीस?" ब्रेंडा म्हणाली होती. "पिणार कोण एवढी?"

"मी आहे की. तू आहेस."

"मला बिअर आवडत नाही, क्लिफ."

"लागेल सवय."

तो पहिला घाणा कपाटातच फुटून वाया गेला. क्लिफनं दुसरा खोका आणला. या वेळी कागद त्यानं तीनदा वाचला. काकवीसारखा घट्ट पाक गरम पाण्यात डबा ठेवून पातळ केला, बादलीत ओतला, साखर घातली, पाणी घातलं, कोमट झाल्याची खात्री करून वर यीस्ट भुरभुरलं. बादलीला जुनी गोधडी गुंडाळली. मग रोज कामावरून आला की झाकणाला कान लावून बसायचा.

"ब्रेंडा, इकडे ये. ऐक. बोलतेय बघ."

ती वाकली. आत बारीक बुडबुडे कुजबुजत होते. त्या घरात दुसरं कुणी बोलायला येत नव्हतं. संपात जिच्या शेजारी उभी राहून ब्रेंडानं शेकडो संपकऱ्यांचा स्वयंपाक केला होता, ती बाईसुद्धा आता दुकानात तिला पाहून पाठ फिरवायची.

जूनमधल्या एका रविवारी दुपारी क्लिफनं पहिली बाटली उघडली. तळाचा गाळ हलू नये म्हणून ग्लास तिरपा धरून सावकाश ओतली. बिअर नितळ होती. वर बोटभर फेस आला. त्यानं एक घोट घेतला आणि ग्लास उजेडात धरून बघत राहिला.

"बिघडली का रे?"

"नाही. चांगली झालीय." त्यानं ग्लास खाली ठेवला. "लेनला आवडली असती."

लेन म्हणजे त्याचा थोरला भाऊ. सहा घरं सोडून राहायचा. पंधराव्या वर्षी क्लिफला हाताला धरून खाणीत त्यानंच नेलं होतं. आता क्लिफ दिसला की तो रस्ता ओलांडायचा.

"असती काय? जिवंत आहे तो. घेऊन जा त्याच्याकडे."

"तोंडावर दार लावेल."

"मग मी जाते. मी सांगते त्याला सगळं."

"नको, ब्रेंडा." क्लिफ तिच्याकडे न बघता म्हणाला. "झालं ते झालं. तुझं नाव त्यात नको."

ब्रेंडानं दोन बाटल्या उचलल्या आणि ती चालू लागली.

लेननं दार उघडलं, पण तो दारातून हलला नाही. त्याच्या मागं स्वयंपाकघरात एकच ताट मांडलेलं होतं. त्याची बायको जीन संपातच नोव्हेंबरमध्ये स्कारबराला आईकडे गेली होती. आई आजारी आहे, असं तो सांगायचा.

"त्यानं पाठवलंय तुला?"

"नाही. तो नको म्हणत होता." ब्रेंडानं बाटल्या छातीशी घट्ट धरल्या. "लेन, मला दोन वाक्यं बोलू दे, मग खुशाल दार लाव. क्लिफ आपल्या मनानं नाही गेला कामावर. मी घालवला त्याला. पगाराविना दिवस काढणं मला सोसवेनासं झालं होतं. बॅग भरून दारात ठेवली आणि म्हटलं, उद्या बसमध्ये बसलास तर मी राहते, नाहीतर चालले. रात्रभर रडला तो. फितूर मी आहे, लेन. तो नाही."

लेननं हात पुढं करून तिच्याकडून बाटल्या घेतल्या, अगदी सांभाळून, आणि दारातून बाजूला झाला.

"आत ये, पोरी," तो म्हणाला. "जीननंही भरली होती बॅग. मी ती स्कारबराच्या बसपर्यंत पोचवून आलो."