सगळ्याला हो

प्रयोगशाळेतल्या नव्या संगणकावर मी आकडेमोडीच्या लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचे संच, टाकत होते. एक टाकली की ती दुसरी मागायची आणि दुसरी आली की तिचं पहिलीशी पटायचं नाही. दर वेळी तोच प्रश्न, ‘जुनी काढू का?’ वैतागून मी आज्ञेतच ‘सगळ्याला हो’ असं लिहून टाकलं.

थोड्या वेळाने पडद्यावर वेगळीच ओळ आली : वापरणारे दोन सापडले, एकच हवा.

खोलीत मी एकटीच होते. सिस्टिम सांभाळणाऱ्या माझ्या भावाला फोन लावला.

“दादा, या मशीनवर आणखी कोण आहे?”

“तुझ्याशिवाय कोणी नाही गं. आता मशीन काय म्हणतंय?”

पडद्यावर आलेली नवी ओळ मी वाचून दाखवली, “दोघांपैकी जुना काढला.”

“हॅलो,” दादा अदबीने म्हणाला, “आपण कोण बोलताय?”