मास्तरांच्या गाडीचं मिसिंग

"आज चौथा सिलेंडर," डॉक्टरांनी स्कॅनरवरचा आकडा वाचला.

"मागच्या शनिवारी दुसरा होता," मास्तर म्हणाले. "त्याआधी पहिला. प्रगती आहे."

डॉक्टर गाड्यांचे होते. आपण बरी केलेली गाडी त्याच दुखण्यासाठी पुन्हा आलेली नाही, असं ते तीस वर्षं सांगत होते आणि लोक ऐकून घेत होते. आता निवृत्त मास्तरांची ही गाडी ओळीने पाचव्या शनिवारी दारात उभी होती. तीन लाख अठरा हजार किलोमीटर पळालेली, चढ आला की मिस मारणारी, म्हणजे एखाद्या सिलेंडराचा ठोका चुकवणारी. समोरच्या टायरवाल्याने आज सकाळीच विचारलं होतं, "काय डॉक्टर, ही गाडी पेशंट आहे की घरजावई?"

शेजारच्या दोन दुकानदारांनी हसून घेतलं होतं. आज रोग सापडला नाही तर सोमवारपासून सगळी गल्ली हसणार, हे डॉक्टरांना दिसत होतं.

पहिल्या वेळी सिलेंडरला ठिणगी पुरवणारी कॉइल खरंच गेली होती. ती त्यांनी बदलली. मग प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, कॉम्प्रेशन मोजलं. सगळं ठणठणीत. कॉइलींची अदलाबदल केली की मिसिंग गायब व्हायचं आणि पुढच्या शनिवारी भलत्याच सिलेंडरात हजर.

दोष गेला की नुसता लपला, हे चालत्या गाडीतच कळतं. त्यामुळे दर वेळी एक लांब चक्कर मारावी लागे. डॉक्टर स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारी बसत आणि गाडी मास्तरांच्या बायको, म्हणजे वहिनी, चालवत. मास्तरांचा गुडघा नेमका शनिवारीच धरायचा. ते गॅरेजमधल्या एका सुट्या सीटवर बसून चहा पीत.

पहिल्या शनिवारी वहिनींनी एकाच कोपऱ्यावर गाडी चारदा बंद पाडली. डॉक्टरांचं सगळं लक्ष आकड्यांवर होतं.

"क्लच हळू सोडा, वहिनी," ते वरही न बघता म्हणाले. "मागचा हॉर्न वाजवतोय, वाजवू दे. त्याची बॅटरी चांगली आहे."

चौथ्या शनिवारपर्यंत तो कोपरा गाडीला ओळखेनासा झाला. वहिनी सुधारल्या, इंजिन सुधारलं नाही.

त्या चौथ्या शनिवारी डॉक्टरांना कॉइलला वायर जोडणारा एक कनेक्टर किंचित सैल वाटला होता. म्हणून त्यांनी कोणालाही न सांगता प्रत्येक कनेक्टरवर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला होता, अर्धा कनेक्टरवर आणि अर्धा कॉइलवर. आज त्यांनी बॉनेट उघडलं. चौथा ठिपका मधोमध फाटलेला होता आणि कनेक्टर धरून ठेवणारी खिट्टी सुटलेली होती.

खड्ड्यांनी खिट्टी सुटत नाही. तिला अंगठा लागतो.

वहिनी स्टिअरिंगवर बसून आरसा नीट करत होत्या. बॉनेटच्या आडोशाला डॉक्टरांनी मास्तरांना जवळ ओढलं.

"मास्तर, घरी हे बॉनेट कोण उघडतं?"

मास्तरांनी फाटलेल्या ठिपक्याकडे आदराने पाहिलं. सारा जन्म त्यांनी कॉप्या पकडल्या होत्या. चांगली पकड त्यांना ओळखता येत होती.

"मीच," ते कुजबुजले. "हळू बोला. हिला लायसन्स मिळून आठ वर्षं झाली. कपाटात आहे. मी शिकवायला बसलो की दहाव्या मिनिटाला आम्ही एकमेकांची खानदानं काढतो. त्या पहिल्या शनिवारी तुमच्याबरोबर जाऊन आली आणि घरी पोचेपर्यंत गुणगुणत होती. शिकवणी म्हटलं तर ही बसणार नाही, तपासणी म्हटलं की बसते."

"अहो, मग मला सांगायचं!"

"तुम्ही म्हणाला असता, मी गॅरेज चालवतो, शाळा नाही. आणि मी दर वेळी एकच वस्तू सैल करतो हो. त्याने दर शनिवारी वेगळा सिलेंडर कसा जातो, ते तुमचं शास्त्र."

हे शेवटचं डॉक्टरांच्या कानात शिरलंच नाही. इंजिन निरोगी होतं. तीस वर्षांचं नाव शाबूत होतं. मास्तरांना मिठी मारावी असं त्यांना फार वाटलं, पण हात ग्रीसचे होते. त्यांनी टिचकन खिट्टी बसवली.

"अजून किती शनिवार लागतील?"

"तिचा हायवे झाला की पुरे."

"मग गाडी अजून महिनाभर आजारी आहे," डॉक्टर म्हणाले आणि कपाळावर चिंता आणून गाडीत बसले.

वहिनींनी गाडी गल्लीतून एका दमात बाहेर काढली. पुढचा मालट्रक ओलांडला. इंजिन शिवणयंत्रासारखं चाललं होतं.

"आज थोडं बरं वाटतंय, पण भरवसा नाही," डॉक्टर जड आवाजात म्हणाले. "पुढच्या शनिवारी आणावीच लागेल."

"ह्यांनी सांगितलं वाटतं तुम्हाला," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी बंद स्कॅनर बारकाईने पाहिला.

"मला ठाऊक आहे हे त्यांना कळू देऊ नका हं, भाऊजी. निवृत्त झाल्यापासून माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता. आता शनिवारी सहाला उठतात. माझी झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेऊन जिना उतरतात आणि वर येताना शीळ घालतात. मी खिडकीतून बघते सगळं."

त्यांनी अलगद चौथा गियर टाकला आणि गाडी हायवेला घातली.

"फक्त ते दर वेळी काच धुवायच्या पाण्याची नळी काढून येतात. ते आंघोळीला गेले की ती परत बसवून कॉइल मलाच सैल करावी लागते."