पहिला बटाटा

अँडीजच्या डोंगरातल्या त्या गावात काढणीचा पहिला बटाटा घरची बाई कापते. इलारिओच्या घरी त्याची बायको बासिलिया कापायची आणि हाक मारायची, "अहो, बघा तरी!" इलारिओ म्हणायचा, "बटाटाच आहे."

यंदा तिने मरण्याआधी निवडून ठेवलेलं बियाणं त्याने एकट्याने लावलं आणि एकट्याने काढलं. पहिला बटाटा कापला. आत गर्द जांभळा रंग आणि मधोमध पांढरीशुभ्र चांदणी. "अगं, बघ!" तो बोलून गेला. घरात कोणी नव्हतं.

दोन्ही फोडी रुमालात बांधून तो चर्चमध्ये गेला. चाळीस वर्षं तो बायकोला तिथे सोडायचा आणि खेचराला एकटं वाटतं म्हणून बाहेरच थांबायचा.

आत त्याची मेहुणी निकानोरा केर काढत होती. "काय दाजी, आज खेचराला एकटं नाही का वाटत?"

"त्याला घरी बांधलंय." त्याने फोडी क्रुसापुढे ठेवल्या.

"अहो, इथे मेणबत्ती लावतात. बटाटे बाजारात न्यायचे."

"वाहायला नाही, दाखवायला आणलाय."

"देवाला? त्यानेच तर केलाय तो!"

"म्हणूनच." इलारिओने टोपी काढली. "एवढं सुंदर करून त्याने मातीखाली ठेवलं आणि मी जन्मभर 'बटाटाच आहे' म्हणत राहिलो. तिला सांगायचं राहून गेलं. त्याला तरी कळू दे, मी बघितलं म्हणून."