तीसपैकी

“यंदा किती चुकायचं ठरवलंयस?” तारासनं विचारलं.

“एकही नाही,” लेव्हॉन म्हणाला.

तारास एवढ्या मोठ्यानं हसला की रांगेतले सगळे वळून बघायला लागले. “ऐकलंत का रे? आजोबांना पहिला नंबर काढायचाय!”

मे महिना, सराव शिबिराचा पहिला दिवस होता. कॅनडातल्या मेडिसिन हॅट गावच्या कॉलेजात, डॉक्टरबाईंच्या खोलीबाहेर फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन धडका देत खेळायच्या तिकडच्या फुटबॉलचा, अख्खा संघ भिंतीला टेकून बसला होता. आत एकेकाची डोक्याची परीक्षा चालली होती. शब्द लक्षात ठेवायचे, आकडे उलटे म्हणायचे, डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. तीसपैकी गुण. पुढे हंगामात कुणाचं डोकं आपटलं की तीच परीक्षा पुन्हा. मे महिन्याइतके गुण पडले तर मैदानात परत, कमी पडले तर बाकावर.

म्हणून मे महिन्यात मुद्दाम चुकायचं. आधीच खाली बसलेला माणूस पडणार कुठं? हे कुठल्या नियमात नव्हतं, पण पहिल्या वर्षी प्रत्येकाच्या कानात कुणीतरी सांगतच असे. लेव्हॉनला ते हॅमिल्टनच्या संघात असताना कळलं होतं. नंतर त्यानं स्वतः कितीतरी जणांना शिकवलं.

“लेका, जूनमध्ये तुला कुणीतरी आडवा करणारच,” तारास आता हळू आवाजात म्हणाला. “मग?”

“मग बघू.”

“बघू काय? चौतीस वर्षांचा रिसीव्हर बाकावर बसला, की दुसऱ्या दिवशी त्याचं कपाट रिकामं.”

हे लेव्हॉनला सांगायची गरज नव्हती. नऊ वर्षांत त्याचं कपाट सहा संघांनी रिकामं केलं होतं. कुठल्यातरी संघात कुणाचातरी पाय मोडला की त्याचा फोन वाजायचा. तो बॅग उचलायचा, जायचा, लांबून आलेले चेंडू झेलायचा, झेलताना दोघातिघांच्या धडका खायचा. पाय बरा झाला की हा परत घरी.

एवढी गावं झाली की माणसाच्या मनात सरमिसळ होते. काल त्यानं तारासला दोनदा मार्कस म्हणून हाक मारली. मार्कस त्याच्या शेजारी कपडे बदलायचा, पण ओटावात. मार्चमध्ये वेबर्नला, बायकोच्या गावी, तो दूध आणायला गेला आणि एक गल्ली तासभर शोधत बसला. ती गल्ली एडमंटनची. घरी येऊन त्यानं हसत हसत सांगितलं.

कॉरिन हसली नाही. दोन दिवसांपूर्वी त्याची बॅग भरताना ती म्हणाली, “खेळू नकोस असं मी कधी म्हटलं नाही. आजही म्हणत नाही. पण यंदा ती परीक्षा खरी दे. तुझ्या डोक्याचा एक तरी खरा आकडा कुठंतरी लिहिलेला असू दे.”

“आणि त्यापायी मला घरी पाठवलं तर?”

“तर घरी ये. घरीच तर यायचंय ना?”

त्यानं तिला शब्द दिला होता. ती ज्या तऱ्हेनं मोजे घडी करत होती, ते बघून खोटं बोलवलं नाही. आता मात्र तो मनाशी हिशेब करत होता. अठ्ठावीस पडले, एकोणतीस पडले, तर जूनमधल्या पहिल्या धडकेनंतर तेवढे पुन्हा कुठून आणायचे?

तारास आत जाऊन आला. “एकवीस!” तो हळूच म्हणाला. “आता मला घोड्यानं लाथ मारली तरी चालेल. जा, हुशार माणसा.”

लेव्हॉन आत गेला.

“बसा, प्रुइट,” डॉक्टर लिंडक्विस्ट म्हणाल्या. मान वर न करता त्यांनी शब्द वाचले. “पूल, मध, टोपी, दोर, घोडा. शेवटी पुन्हा विचारीन.”

सोपे होते. गेल्या वर्षी याच खोलीत तर त्याला ‘शिडी’ हा शब्द स्वच्छ आठवत होता, तरी तो मुद्दाम गप्प बसला होता. तशी वेळ आज नव्हती. कितीतरी वर्षांनी त्याला मोकळं वाटलं. त्यानं आकडे उलटे म्हटले, एकदाही न अडखळता. महिने डिसेंबरपासून मागे म्हटले. एका पायावर उभा राहिला, डोळे मिटले, आणि थोड्याच वेळात डॉक्टरबाईंनी त्याचं कोपर धरलं.

“पुरे,” त्या म्हणाल्या.

एवढ्यात पुरे? त्याला आतून हसू आलं.

“आता ते शब्द.”

“पूल, मध, टोपी, शिडी, घोडा.” एका दमात.

डॉक्टरबाई बराच वेळ लिहीत होत्या. खिडकीची काच वाऱ्यानं थडथडत होती. लेव्हॉननं दोन्ही हात मांड्यांवर घट्ट दाबून धरले. होऊ दे. कॉरिनला खरा आकडा सांगायचा, मग जे व्हायचं ते होऊ दे.

“किती?” त्यानं विचारलं.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला आणि फाईल मिटली.

“तुम्ही सगळे मे महिन्यात काय करता, ते मला कळत नाही असं वाटतं का, प्रुइट? गेल्या वर्षी बावीस होते, मी काही बोलले नाही. यंदा चौदा. सोंगालाही काही मर्यादा असते. उद्या सकाळी पुन्हा या, आणि उद्या मात्र खरी परीक्षा द्या.”